साक्षीचं दूध

गेल्या वर्षी मे महिन्यात देशभर एकाच दिवशी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा मी सुट्टीवर नाशिकला घरी होतो. भोंगे वाजले, स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन पळाले, लोकांनी गच्चीवर उभं राहून व्हिडिओ काढले. दुसऱ्या दिवशी नाशिकच्याच द्वारका चौकात माझा जुना मित्र हर्षलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात चहाला बसलो, तर सगळ्यांनी मलाच धरलं. मी किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो एवढं त्यांना माहीत. त्यावरून माझ्या खिशात कसलं तरी लाल बटण असतं, अशी या मंडळींची पंचवीस वर्षांपासूनची समजूत आहे.

"शेखर, खरं सांग. तुमच्याकडे काही झालंच, तर सरकारची तयारी काय? का नुसते भोंगेच?" हर्षलने विचारलं.

मला राग लवकर येतो. बायको म्हणते, नाशिकचं पाणी. मी म्हटलं, "भोंगे आहेत. भिंत आहे, बंदूकधारी जवान आहेत. भोवती वस्तीला मनाई असलेला पट्टा आहे. सोळा किलोमीटरपर्यंतच्या गावांची घरवार यादी आहे, कोणत्या गावाला कोणती बस, कोणती शाळा हे ठरलेलं आहे. आयोडिनच्या गोळ्या आहेत, दर थोड्या वर्षांनी सराव असतो. आणि या सगळ्याशिवाय हरसूलकडच्या ठमाबाई आहेत."

सगळे हसले. मी काही विनोद केला नव्हता. चहा अर्धा टाकून मी उठलो आणि रागारागाने घरापर्यंत चालत गेलो. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, पण ठमाबाई कोण हे एकदा नीट लिहून काढायचं, हे मी त्या वाटेवर ठरवलं.

माझं काम ऐकायला अगदीच किरकोळ आहे. मी नमुने गोळा करतो. केंद्राच्या आसपासच्या गावांतलं दूध, गवत, विहिरीचं पाणी, भाजी, मासळी, माती. ते बरण्यांत भरायचं, चिठ्ठी लावायची, जीपमध्ये घालून प्रयोगशाळेत आणायचं. तिथे ललिता मॅडम आणि त्यांची माणसं ते तपासतात, आणि हवेतून-पाण्यातून लोकांच्या ताटात काही जात तर नाही ना, याचा हिशोब वर्षानुवर्षं ठेवतात. भोंगा वाजायची वेळच येऊ नये म्हणून हे चाललेलं असतं. त्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

आता यात एक मेख आहे. जवळच्या गावातल्या दुधाचा आकडा आला, तर तो जास्त की कमी हे ठरवायचं कशावरून? मातीत, गवतात, तुमच्या-माझ्या हाडांतसुद्धा निसर्गतःच थोडा किरणोत्सार असतो. कधीकाळी परदेशांत झालेल्या अणुचाचण्यांची धूळही जगभर पसरलेली आहे. म्हणून खूप लांबचं, डोंगरापलीकडचं, केंद्राचा वारा जिथे पोचणार नाही अशा जागेचं दूध लागतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की खरं काय ते कळतं. या लांबच्या दुधाला आमच्या लॅबमध्ये सगळे साक्षीचं दूध म्हणतात.

ते दूध ठमाबाईंच्या गाईचं.

सन दोन हजार दोनमध्ये मी चोवीस वर्षांचा होतो आणि नोकरीला सहा महिने झाले होते. लांबची जागा शोधायला मला जीपबरोबर धाडलं. जव्हारचा घाट चढून, हरसूलच्या अलीकडे-पलीकडे पाच-सहा पाडे मी पालथे घातले. अट अशी होती की गाय देशी हवी आणि तिने त्याच डोंगराचं गवत खाल्लेलं हवं. विकतची पेंड नको, बाहेरचा कडबा नको. कारण दूध हे शेवटी गवताचं बोलणं. परमुलखातलं खाऊन दूध दिलं तर त्या डोंगराची साक्ष कशी होणार? सरपंचांनी मला ज्या ज्या बड्या गोठ्यांवर नेलं, तिथे दारातच पेंडीची पोती रचलेली. दुपारी कंटाळून मी एका कुडाच्या घरासमोर पाणी मागितलं. अंगणात एक ठेंगणी, तांबूस गाय बांधलेली होती आणि पंचेचाळिशीच्या एक बाई तिच्या अंगावरच्या गोचिडी काढत होत्या.

"गाईला खायला काय घालता, मावशी?" मी विचारलं.

"घालायचं काय? देवानं तिला तोंड दिलंय, पाय दिलेत, समोर डोंगर दिलाय. अजून मी काय देऊ?"

मी तिथेच वहीत नाव लिहिलं. ठमाबाई. नवरा बुधा. गाई दोन, एक आटली की दुसरी व्यालेली असते. पाणी ओहोळाचं. बुधाभाऊ कमी बोलणारे; आमचं सगळं बोलणं होईपर्यंत ते कोयत्याला धार लावत बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "गवत मी कापतो. दुसऱ्याचं आणत नाय."

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी जायचो. एक छापील अर्ज होता, त्यावर पाच प्रश्न. गाय कोणती, चारा कुठला, बाहेरचं खाद्य दिलं का, पाणी कुठलं, गाय आजारी होती का. मी मोठ्याने विचारायचो, ठमाबाई उत्तरं द्यायच्या, मी लिहायचो. मग दोन लिटरचा कॅन भरून घ्यायचा आणि हरसूलहून त्र्यंबकमार्गे एक रात्र नाशिकला घरी काढून परत जायचं. खरं सांगतो, ही फेरी मला आवडायची ती त्या घरच्या मुक्कामासाठी. ठमाबाईंचं कौतुक मला फार उशिरा सुचलं.

चौथ्या महिन्यात भानगड झाली. कॅन माझ्या हातात देता देता त्यांनी विचारलं, "इतक्या दुधाचं करता काय रं बाबा? साहेब लोक चहा करतेत का?"

मला शहाणपणा दाखवायची हौस. म्हटलं, "चहा कसला! आधी आटवतो, मग भट्टीत घालून जाळतो. पार राख होईपर्यंत."

त्यांचा चेहरा उतरला. आपल्याकडे दूध उतू जाऊन विस्तवावर पडलं, तर अजूनही कित्येक घरांत बायका चटकन पाण्याचा हबका मारतात. दूध जळलं की गाईच्या कासेला चटका बसतो, असं मानतात. ठमाबाई तर चुलीवर दूध ठेवलं की जागच्या हलायच्या नाहीत. आणि मी हसत हसत सांगत होतो की आम्ही ते भट्टीत जाळतो. त्यांनी कॅन माझ्या हातातून काढून घेतला आणि आत गेल्या.

सरकारी कॅन! माझ्याकडे शिक्क्याचं पत्र होतं. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या, ड्रायव्हरजवळ चिडचिड केली, पत्र दाखवलं. बुधाभाऊंनी पत्र उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. तासाभराने ठमाबाई बाहेर आल्या.

"जाळता कशापायी, ते सांग. नीट सांग."

ऑफिसबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायची माझी पहिलीच वेळ. मी दगडावर बसलो. समुद्राकाठी वीज कशी होते, तिथल्या गावांत लहान मुलं आहेत, ती गाईचं दूध पितात, त्यात काही वावगं आलं तर डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते फक्त राखेत सापडतं. आणि तिथली राख चांगली की वाईट हे ठरवायला तुमच्या गाईची राख लागते. ठमाबाई ऐकत राहिल्या.

"तिकडं पोरं लय हायेत?"

"पुष्कळ आहेत."

त्यांनी कॅन आणून माझ्यासमोर ठेवला. "मग ने. पण ध्यानात ठेव, बाबा. माझ्या गाईचं दूध जाळायचं, तर खऱ्यासाठी जाळा. खोट्यासाठी नको."

तेव्हापासून एक रीत पडली. धार काढून झाली की त्या बोटाने दुधाचा एक थेंब जमिनीला लावायच्या, ओला हात गाईच्या कासेवरून फिरवायच्या, आणि मगच कॅन भरू द्यायच्या. आमच्या नियमावलीत हे कुठे बसत नव्हतं. मी कधी लिहिलं नाही आणि कधी अडवलंही नाही.

वर्षं गेली. आजूबाजूच्या घरांत संकरित गाई आल्या, दुधाच्या गाड्या येऊ लागल्या. पेंडीचे विक्रेते ठमाबाईंनाही समजावून गेले. त्या त्यांना सांगायच्या, "आमची गाय सरकारी नोकरीत हाय. तिला बाहेरचं खायची मुभा नाय." पाड्यावर यावरून त्यांची यथेच्छ थट्टा व्हायची. 'गाईला पेन्शन कधी लागणार?' असं बायका पाणवठ्यावर विचारायच्या. ठमाबाईही मागे हटायच्या नाहीत. "लागंल तवा तुमच्या म्हशीला बोलावीन पेढे खायला."

थट्टा वेगळी आणि पाळणं वेगळं. एका वर्षी वणव्यात डोंगराची सगळी पश्चिम बाजू जळाली, बुधाभाऊंनी रचलेली गवताची गंजीही गेली. शेजाऱ्याने कडबा देऊ केला होता, फुकट. ठमाबाईंनी घेतला नाही. दोन महिने त्या रोज सकाळी गाय ओहोळाच्या कडेकडेने चारत तीन-चार मैल न्यायच्या आणि दुपारी परत आणायच्या, कारण ओहोळाच्या काठी तेवढं हिरवं उरलं होतं. त्या वर्षी दूध जेमतेम निघे. घरच्यांच्या चहात पाणीच जास्त असायचं, पण आमचे दोन लिटर कधी चुकले नाहीत.

आणि मी? माझंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. दहाएक वर्षांनी मी ते पाच प्रश्न विचारायचंच सोडलं. उत्तरं तीच असायची. जव्हारला चहाच्या टपरीवर बसून मी अर्ज आधीच भरून टाकायचो. चारा: स्थानिक. बाहेरचं खाद्य: नाही. वेळ वाचायचा आणि मी लवकर नाशिकला पोचायचो. ठमाबाई दर वेळी कॅन देताना विचारायच्या, "मागल्या वेळचं आमचं दूध कसं निघालं रं?" आणि मी न बघताच सांगायचो, "चांगलं निघालं, मावशी." निकालाचं रजिस्टर मी एकदाही उघडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी केंद्राने नमुन्यांच्या सगळ्या जागांचा फेरआढावा घ्यायचं ठरवलं. त्यासाठी एक समिती नेमली. लांबच्या जागा खर्चिक आणि अडचणीच्या. ज्या जागेचा नमुना एप्रिल ते जूनमध्ये एकदाही चुकेल ती यादीतून काढावी, आणि तिच्याऐवजी नाशिकजवळची एखादी मोठी डेअरी घ्यावी, असा प्रस्ताव होता. शंभर गाई, डांबरी रस्ता, सगळी नोंद संगणकावर. मला मनातून गुदगुल्या झाल्या. ती डेअरी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होती.

मार्चच्या फेरीत मी ठमाबाईंना ही बातमी मोठ्या ऐटीत सांगितली. "आता तीन महिने एकही नमुना चुकायला नको, मावशी. चुकला की तुमचं नाव गेलं."

त्या एकदम खाली बसल्या. अडुसष्ट वर्षांचं वय झालेलं. "बावीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "असं कसं जाईल? सगळ्या मुलखात मी सांगितलंय, आमचं दूध साक्षीला हाय. नाय जाऊ द्यायची मी." आणि बुधाभाऊंना ओरडून सांगितलं की गंजीवर नीट आच्छादन घाला, वाळवी लागू देऊ नका.

त्याच महिन्यात त्यांची तांबडी गाय व्याली. दुसरी तोवर आटली होती, म्हणजे आता सगळी मदार हिच्यावर. माहेरची गाय व्याली की सासरी गेलेल्या लेकीने तिला बाळंतिणीसारखा खाऊ आणायचा, अशी त्यांच्याकडे रीत. ठमाबाईंची मुलगी मैना मनमाडला असते. नवरा रेल्वेत आहे. ती या गाईच्या आजीचं दूध पिऊन मोठी झालेली. बातमी कळताच ती निघाली. मनमाडहून नाशिक, नाशिकहून हरसूल, दोन एसट्या बदलून ती आली ते गूळ, बाजरी आणि सरकी पेंडीचं अख्खं पोतं घेऊन. पंधरा दिवस राहिली आणि रोज स्वतःच्या हाताने गाईला पाटी भरून चारत राहिली. गाय खूश, वासरू खूश, मैना खूश.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पोचलो. अर्ज नेहमीसारखा जव्हारलाच भरलेला, सहीसकट. अंगणात बादली तयार होती, वर स्वच्छ फडकं घातलेलं. मी कॅनचं झाकण उघडलं, पण ठमाबाई बादलीजवळून हलल्या नाहीत.

"आज नेऊ नको," त्या म्हणाल्या.

"का? गाय आजारी आहे?"

"नाय. पेंड खाल्लीय तिनं. मैनानं आणलेली. आठ दिस झाले."

मला आधी कळेचना की यात एवढं काय. "मूठभर खाल्ली असेल."

"मूठभर नाय. पाटीभर. रोज. पहिल्या दिवशी मी बघत होते. लेकीच्या हातातली पाटी कशी हिसकावू? म्हटलं, आज एक दिस खाऊ दे. मग उद्या म्हटलं, उद्याचा एक दिस. असं करत करत तुझा दिस आला."

माझ्या डोळ्यांपुढे समिती आली, प्रस्ताव आला आणि बॅगेतला भरलेला अर्ज आला. नमुना न नेला तर नाव जाणार. मी इकडेतिकडे बघितलं आणि बावीस वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर जे वाक्य बोलायची मला आजही लाज वाटते, ते बोललो.

"मावशी, कोणाला कळणार आहे?"

ठमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, चुकलेल्या वासराकडे बघावं तसं बघितलं. "तुला कळलं की आता," त्या म्हणाल्या. "अन् मला तर आधीपास्नं ठावं हाय."

"नाव जाईल यादीतून."

"जाईल." त्यांचा आवाज फाटला. पदराने डोळे पुसले, पण बोलायच्या थांबल्या नाहीत. "वाईट वाटतंय. लय वाटतंय. रातीपास्नं पाण्याचा घोट उतरंना. पण खोट्यासाठी दूध जाळायचं नाय, असं मीच बोलले होते ना तुला? मग आता मीच जाळू का?"

मैना दारात उभी राहून ऐकत होती. ती रडवेली झाली. "आई, मी काय विष आणलं होतं का? मायेनं आणलं मी."

ठमाबाई उठल्या आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "विष नाय गं माझे बाई. माया हाय ती तुझी. पण ती मनमाडची हाय. त्यांना या डोंगराचं दूध लागतं."

बुधाभाऊ गेले आणि पेंडीचं उरलेलं पोतं उचलून पलीकडच्या घरी देऊन आले. मैना पाठमोरी होऊन तांदूळ निवडू लागली. मी बॅगेतून अर्ज काढला. 'बाहेरचं खाद्य: नाही' यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: दिलं. सरकी पेंड, आठ दिवस. मालकिणीने स्वतः सांगितलं. नमुना घेतला नाही.

दुधाचं काय करायचं? मैनानेच त्याची तांदळाची खीर केली, रुसून. बावीस वर्षं मी ते दूध कॅनमधून नेत होतो. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा चाखलं. त्या फेरीत मी नाशिकला घरी गेलो नाही. खीर खाऊन तसाच घाट उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ललिता मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिलो.

मॅडमनी अर्ज बघितला. त्या कमी बोलतात, आणि त्याचीच भीती वाटते. "शाई दोन वेगवेगळ्या दिसतायत, शेखर."

मी सगळं सांगितलं. जव्हारची टपरी, आधी भरलेले अर्ज, सगळं. मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. तो मी घरी जपून ठेवला आहे.

पेंड बंद करून महिनाभर फक्त डोंगराचं गवत दिलं तर पुढचा नमुना चालेल, असं मॅडमनी कळवलं. ऐन वैशाखात, ताज्या व्यालेल्या गाईला. ठमाबाईंनी ते केलं. पण एप्रिलचा रकाना रिकामा तो रिकामाच, आणि जुलैमध्ये समिती बसली ती त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवूनच. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, काही विचारायचं झालं तर असावा म्हणून. दार किलकिलं होतं. मी सगळं ऐकलं.

एक सदस्य म्हणत होते, "एका निरक्षर बाईच्या शब्दावर आपण बावीस वर्षांचे आकडे उभे केलेत. याआधी कितीदा पेंड दिली असेल, कोणी बघितलंय?"

कागद सरकवल्याचा आवाज आला. मग ललिता मॅडमचा. "हा एप्रिलचा अर्ज. या बाईंना ठाऊक होतं, सांगितलं तर जागा जाणार. गप्प बसल्या असत्या तर आपल्या कुठल्याही यंत्राला त्या आठ पाट्या दिसल्या नसत्या. तरी त्यांनी सांगितलं. मागच्या बावीस वर्षांसाठी याहून मोठा पुरावा मला तरी आणता येणार नाही. चूक आमच्या माणसाची आहे, त्यांची नाही."

आमचा माणूस म्हणजे मी. बाकावर बसल्या बसल्या माझे कान तापले, आणि तरीही छाती अशी भरून आली की सांगता येत नाही. जणू माझ्याच घरातल्या कोणाचा सत्कार चालला होता. आत कोणीतरी विचारलं, डेअरीवाल्यांचं खाद्य कुठून येतं? उत्तर आलं, मिळेल तिथून. दर महिन्याला बदलतं. मग बराच वेळ पानं उलटल्याचे आवाज आले. हरसूलकडची जागा यादीत राहिली. सोबत एक नवा नियम झाला: पाचही प्रश्न जागेवर, मोठ्याने विचारायचे आणि उत्तर देणाऱ्याचा अंगठा किंवा सही घ्यायची. तो नियम माझ्यामुळे झाला, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मी मान खाली घालत नाही. नियम चांगला आहे.

ऑगस्टच्या फेरीला निघण्याआधी मी मॅडमच्या परवानगीने निकालाचं ते रजिस्टर पहिल्यांदा उघडलं आणि बावीस वर्षांची पानं चाळली. एका कागदावर दोन ओळी उतरवून घेतल्या. पाड्यावर पोचलो तेव्हा ठमाबाई धार काढत होत्या. डोंगर हिरवागार होता, गाय तुकतुकीत. जागा राहिल्याचं मी ओरडूनच सांगितलं. त्यांनी धार थांबवली नाही. फक्त कपाळ गाईच्या पोटाला टेकवलं आणि तसंच ठेवलं. बुधाभाऊंनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि डोंगराकडे बघत बसले.

धार झाली. थेंब जमिनीला लागला, ओला हात कासेवरून फिरला. मग नेहमीचा प्रश्न आला. "कसं निघालं रं आमचं दूध?"

मी कागद काढला. "हा समुद्राकाठच्या गावातल्या दुधाचा वर्षाचा आकडा. आणि हा तुमचा."

"मोठा कुठला?"

"कुठलाच नाही. दोन्ही सारखे."

"सारखे?" त्यांनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. "म्हंजी तिकडची पोरं पितेत ते दूध माझ्या नातवंडांच्या दुधासारखंच?"

"अगदी तसंच. बावीस वर्षं."

"अन् त्यांच्या आया बिनघोर पाजतेत?"

"पाजतात."

"कुणाच्या भरवशावर?"

माझ्याकडे ऑफिसचं उत्तर तयार होतं. प्रयोगशाळा, नियामक मंडळ, शासन. ते खोटं नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडून दुसरंच आलं. "तुमच्या."

ठमाबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग तो घडी करून कमरेच्या चंचीत ठेवला, पदर खोचला आणि ताठ उभ्या राहिल्या. माझ्या हातातल्या कोऱ्या अर्जाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता विचार तुझे सवाल. मोठ्यानं विचार, पाड्याला ऐकू जाऊ दे."

मी विचारले. गाय कोणती, चारा कुठला. तिसरा प्रश्न आला.

"बाहेरचं खाद्य दिलं का?"

"नाय!" त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की गाईने मान वळवून बघितलं. मी तो शब्द त्यांच्यासमोर, शाईने, नीट लिहिला आणि त्यांनी त्याखाली अंगठा उमटवला.